अण्णांची पट्टी

माझ्या दादाने तरुणपणी एक अल्बम केला होता. दोन कॅसेटी, चार बाजू, मिळून जवळजवळ दीड तास. नाव 'खाजण'. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, जिच्यात भरतीचं पाणी शिरतं; आमचं भाईंदर आणि मीरा रोड अर्धंअधिक अशाच जमिनीवर उभं आहे. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, व्हायोलिनं, लग्नातला ब्रास बँड आणि आमचे अण्णा, एवढ्या सगळ्यांना एकत्र बसवून दादाने या गावाची गोष्ट रॉक संगीतात सांगायला घेतली होती. ऐकणारे हसायचे, पण त्याने ती पुरी केली. आज त्या कॅसेटींचे किती जोड शिल्लक असतील ठाऊक नाही. एक माझ्याकडे आहे, एक दादाकडे. अल्बमबद्दल मला बरंच बोलायचं आहे आणि ते मी बोलणारच आहे. पण हे प्रकरण लिहायला घेतलं ते अण्णांमुळे. त्यांचा आवाज जगात फक्त त्या एका ठिकाणी राहिला, आणि तो तिथे जसा राहिला त्याला मी जबाबदार आहे.

तेव्हा आम्ही पेणकरपाड्यात राहायचो. दहा खोल्यांच्या चाळीतली चौथी खोली, वर पत्रा, पुढे ओटा आणि ओट्यावर पाण्याची दोन पिंपं. शेजारच्या गुजराती भाभीशी आई अशा हिंदीत बोलायची की शेवटी भाभीच मराठी शिकली. अण्णा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॉलिशला होते. फिरत्या चाकावर भांडं दाबून धरायचं आणि तोंड दिसेपर्यंत घासायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा डोळे आणि दात तेवढे पांढरे, बाकी सगळे काळे. आई त्यांना ओट्यावरच थांबवायची, दोन तांबे पाणी डोक्यावर ओतायची आणि मगच आत घ्यायची. पोचा पडलेली, कड वाकडी झालेली भांडी मालक कामगारांना देऊन टाकायचा, त्यामुळे आमच्या घरात एक भांडं धड नव्हतं, पण सगळी लखलखीत. लहानपणी मी त्या वाट्या चमच्याने वाजवून सुराप्रमाणे ओळीने लावायचे. आई ओरडायची, "जेवायच्या वाट्या आहेत त्या, रांगेत कसल्या लावतेस?" एकदा अण्णांनी एक वाटी गुपचूप बदलून ठेवली, तर मी शाळेतून आल्या आल्या एक वाजवूनच म्हटलं, "ही आपली नाही." त्या दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं, आणि अण्णा जेवता जेवता प्रत्येकाला सांगत होते, आमच्या सुजाचा कान बघा. तेव्हापासून घरात माझा कान हा कायदा झाला. रेडिओची खरखर असो की ढोलकीची शाई, शेवटचा शब्द माझा. एवढ्याशा पोरीला एवढा अधिकार देऊ नये, असं आज मला वाटतं.

अण्णा गायन पार्टीत गायचे. जयंती, बुद्धपौर्णिमा, वस्तीतली लग्नं, बारशी. कोकणातून आलेली आमची माणसं जिथे म्हणून जमायची तिथे अण्णांची पार्टी असायची. माईक बरा नसायचा, मैदान मोठं असायचं, म्हणून आवाज टिपेचा लागायचा, आणि अण्णांचा होताच. कार्यक्रमाच्या दिवशी आंबट वर्ज्य, सकाळपासून गूळ आणि सुंठ. त्या पार्टीचा एक रिवाज होता. गाणारा पेटीकडून सूर घेत नसे. तो उभा राहायचा, कानावर हात ठेवायचा आणि त्या घटकेला गळ्यात असेल तो सूर लावायचा. तो शोधायचं काम पेटीवाल्याचं. गाणारा पुढे, वाद्यं मागे, असाच सगळा कारभार. अण्णांचा सूर बहुतेक वेळा पेटीवरच्या पांढरी चारच्या थोडा वर आणि काळी तीनच्या थोडा खाली लागायचा, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. पेटीवाले काका वैतागून म्हणायचे, "अण्णा, तू माझ्या पेटीत मावत नाहीस." मग ते पेटी बाजूला सारून नुसता ताल धरायचे. अण्णांना या गोष्टीचा अभिमान होता. गाळ्यात दिवसभर मालकाच्या तालावर चालणारा माणूस गाताना कुणाच्याही मागे जात नसे, एवढंच त्यांचं थोरपण, आणि ते त्यांना पुरायचं.

दादा, म्हणजे मिलिंद, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो भाईंदर पश्चिमेला एका कॅसेटच्या दुकानात काम करायचा आणि पगाराच्या बदल्यात जणू गाणीच खायचा. तिथल्या एका गिऱ्हाइकाचा भाऊ बोटीवर होता. त्याने आणलेला एक परदेशी अल्बम दादाच्या हाती लागला. दोन कॅसेटी, रॉक बँड आणि मागे सबंध वाद्यवृंद. तीन आठवडे आमच्या घरात दुसरं काही वाजलं नाही. पत्र्याखाली चाळीस व्हायोलिनं एकदम सुरू झाली की भाभी दारातून विचारायची, "मिलिंद, किसी का पिक्चर लगा है क्या?" दादाने माझं मत विचारलं. मी म्हटलं, "छान आहे, पण एक कॅसेट पुरली असती." दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आपण करायचं असं. आपल्याकडे वाद्यवृंद नाही, पण बँडवाले आहेत ना."

बँडवाले म्हणजे हरेश्वर काका. जुन्या भाईंदरातले कोळी, सकाळी मासळी बाजारात आणि लग्नसराईत डोक्यावर तुरा लावून ट्रम्पेटवर. त्यांच्याबरोबर आठ जण होते, दोन ट्रम्पेट, तीन क्लॅरिनेट, एक पोटावर धरायचा मोठा भोंगा आणि दोन ताशेवाले. चाळीत कुणी वाजवू देईना, म्हणून तालीम मिठागराच्या बांधावर, दुपारी. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, मध्ये बांधावर एका ओळीत उभे राहून नऊ माणसं रॉक वाजवतायत आणि दादा ओळीच्या टोकाला हात हलवतोय. मिठागरातल्या बाया फावडं थांबवून बघत राहायच्या. दादाने चार बाजूंना चार नावं दिली होती, मीठ, वीट, माणसं आणि पाणी. काका ऐकून घ्यायचे, वाजवायचे आणि मग म्हणायचे, "तुजं गानं लय लांब हाय रं मिलिंदा. येवढ्यात नवरी सासरला पोचून जेवली पन असती." दादा म्हणायचा, "काका, ते लांबच पाहिजे." आणि काका, "मंग हाय तसं हाय," म्हणून पुन्हा ट्रम्पेट उचलायचे. त्या दिवसांतला दादा मला फार आवडायचा. आमच्या घरात कुणी एवढं मोठं काही मनात आणलेलंच नव्हतं.

अण्णांना गिटार हा प्रकार मुळातच पटत नव्हता. तारेचं लफडं म्हणायचे. दादाने तिसऱ्या बाजूसाठी गायला विचारलं तेव्हा त्यांनी ताटातून मान वर केली नाही. पण त्या वर्षी त्यांना खोकला लागला होता आणि तो जात नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं की इतक्या वर्षांची धूळ आत बसली आहे, काम सोडा. काम काही लगेच सुटलं नाही. एका सकाळी आई पिंपापाशी दादाला म्हणाली, मी ओट्यावर होते, "तुझं ते दीड तासाचं कर, नाहीतर दहा तासांचं कर. पण त्यांचा आवाज त्यात घाल. पुढच्या वर्षी तो नसेल." आई अशी बोलत नसे. दादा हंडा उचलून आत घेऊन गेला. त्या रात्री नव्हे, दोन दिवसांनी, आईनेच अण्णांना तयार केलं, कसं ते मला माहीत नाही. अण्णांनी एकच अट घातली. "मी माझ्या पट्टीत गाणार. तुमची वाद्यं मागून यायची." दादा म्हणाला, "हो." मीही म्हटलं, बरोबरच आहे.

रेकॉर्डिंग भाईंदर पश्चिमेच्या एका छोट्या स्टुडिओत होतं. अण्णा पांढरा शर्ट घालून आले. जिग्नेशभाई नावाचे रेकॉर्डिस्ट त्यांच्या कानाला हेडफोन लावायला गेले आणि म्हणाले, "काका, पहले कीबोर्ड का सुर सुनो, फिर गाओ." अण्णांनी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. "सूर मी लावतो. तुम्ही शोधा." दादाने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी कुणालाही हे सुचलं नाही की पेटीवाला समोर बसलेला असतो तेव्हा सूर शोधता येतो, फितीवर एकदा उतरलेल्या सुराच्या मागे नऊ माणसांनी कसं जायचं? आम्हाला दुसरी पद्धत माहीतच नव्हती. मी मान हलवली. पेटीवाले काका तेव्हा गावी होते, म्हणून सोबत फक्त ढोलकी. अण्णांनी कानावर हात ठेवला आणि स्वतःच बांधलेलं गाणं सुरू केलं. ज्याने मीठ काढलं त्याच्या घरात प्यायला पाणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. मध्ये आठ ओळी अशा होत्या की ढोलकीही थांबायची आणि नुसता आवाज वर जायचा. तो कसा होता हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा पान फाडलं. जिग्नेशभाई हात जोडून उभे राहिले एवढं सांगते. गाणं एकदाच झालं, मधे कुठे अडलं नाही, आणि संपल्यावर अण्णा दहा मिनिटं खोकत होते.

दुपारी बँड आला. काकांनी ट्रम्पेट लावली आणि पहिल्या फुंकीलाच घात कळला. बँडची सगळी वाजवणी काळी दोनमध्ये बसलेली, अण्णा त्याच्या बरेच वर, तेही दोन पट्ट्यांच्या फटीत. दादा घामाघूम झाला. काका म्हणाले, "पोरांच्या बोटांत त्याच जागा हायत. पट्टी बदलाया आठ दिस लागतील, न् परवापासून लग्नं हायत. मना न्हाय जमायचं." तेव्हा जिग्नेशभाईंनी उपाय सांगितला. यंत्राला एक खुंटी होती. ती फिरवली की फीत हळू चालायची, आणि फीत हळू चालली की आवाज खाली यायचा. "बहन, आप का कान अच्छा है ना? आप बोलो कहाँ रोकूँ." मला म्हणाले ते. मी म्हटलं, मीच फिरवते. काका एकच सूर धरून उभे, आतून अण्णांचा आवाज येतोय, आणि मी खुंटी फिरवतेय. आवाज खाली आला, जड झाला, प्रत्येक शब्द थोडा लांबला. ट्रम्पेटशी मिळाला तिथे मी हात काढला. "इथे." बँडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, "काय वजन आलंय गं." आणि खरंच आलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटलं, आपण अल्बम वाचवला.

अण्णा बाहेर बाकावर चहा पीत बसले होते. बँड सुरू होईना म्हणून त्यांना कळलंच असणार. मी बाहेर गेले तर म्हणाले, "काय अडलंय? परत गाऊ का? त्यांच्या पट्टीत गातो हवं तर." आयुष्यात कधी कुणाकडून सूर न घेतलेला माणूस हे म्हणत होता. जरा दम खाऊन ते गाऊ शकले असते. खालच्या सुरात त्यांना सोपंच गेलं असतं. आणि बँडच्या पट्टीत का होईना, तो त्यांचा स्वतःचा गळा राहिला असता. मी म्हटलं, "नको अण्णा, जमलं. मी जमवलं." ते "बरं" म्हणाले आणि उरलेला चहा बशीत ओतून प्यायले. मी हा प्रसंग कुणाला सांगितलेला नाही. दादालाही नाही.

आता अल्बमबद्दल. पहिली बाजू, 'मीठ', उत्तम आहे, आजही उत्तम आहे. गिटार एकटीच सुरू होते, मग लांबून बँड येतो, अगदी गल्लीच्या टोकाकडून वरात यावी तसा, आणि ताशे आणि ड्रम एकमेकांत असे मिसळतात की कुठला कोण ते माझ्याही कानाला सांगता येत नाही. असं कुणी केलेलं नव्हतं. दुसरी बाजू मात्र फुगवलेली आहे. दादाला चाळीस व्हायोलिनं हवी होती, मिळाले दोन वाजवणारे. त्यांच्याकडून तेच तीनदा वाजवून घेऊन सहा केले, उरलेली कीबोर्डची, आणि ती कीबोर्डचीच वाटतात. विटा रचल्यासारखं एकावर एक सूर चढवत नेणं हे कागदावर छान होतं, ऐकताना सतरा मिनिटं संपत नाहीत. शब्दही तिथे भाषणाच्या वाटेने जातात. चौथ्या बाजूला, 'पाणी'मध्ये, दादा दमलेला कळतो. पहिल्या बाजूच्या चाली परत येतात, जोरात येतात, आणि त्याला मोठा शेवट हवा होता तो येतच नाही, नुसता आवाज वाढतो. परदेशी अल्बमला मी जे म्हटलं होतं तेच याला लागू आहे, एक कॅसेट पुरली असती. पण मग मला असंही वाटतं की एक कॅसेट करायची बुद्धी असलेला माणूस बांधावर नऊ जणांना उभं करायला गेलाच नसता. राहिली तिसरी बाजू. ऐकणारा प्रत्येक जण तीच चांगली म्हणतो. त्यातल्या आठ ओळींसाठी बँड थांबतो, गिटार थांबते, ढोलकी थांबते. सबंध दीड तासाचं सोनं तेवढंच आहे, आणि ते खोटं म्हणून जिला खटकतं अशी मी एकटी.

एकटी म्हटलं ते बरोबर नाही. कॅसेटी तयार होऊन घरी आल्या तेव्हा दोन महिने गेले होते, आणि तेवढ्यात अण्णांचा आवाज बसला तो बसलाच. बोलायचे ते कुजबुजून. रविवार होता, स्टोव्हवर मटण शिजत होतं. दादाने टेप मधोमध ठेवला आणि पहिल्या बाजूपासून सुरू केलं, कारण क्रम मोडलेला त्याला चालत नसे. अण्णा भिंतीला टेकून, डोळे मिटून सगळं ऐकत राहिले. व्हायोलिनंसुद्धा. तिसरी बाजू लागली, बँड थांबला आणि आवाज आला. अण्णांनी डोळे उघडले. "हा कोण?" दादा हसला, त्याला वाटलं गंमत करतायत. "तुम्हीच की, अण्णा." अण्णा "हां" म्हणाले आणि पुन्हा ऐकू लागले. आई तेवढ्यात उठली, रिकामा हंडा घेऊन बाहेर गेली. पाण्याची वेळ नव्हती. मटण करपेपर्यंत ती आत आली नाही. पुढे पंचवीस वर्षं आई माझ्याजवळ राहिली, पण त्या कॅसेटबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी कॅसेट लावली की ती उठून जायची, एवढंच.

दादा त्या आठवड्यात जिग्नेशभाईंकडे अण्णांच्या गाण्याची मूळ फीत जपायला म्हणून मागायला गेला, तर तिच्यावर कुठल्याशा बिल्डरच्या जाहिरातीचं गाणं उतरवून झालं होतं. फिती महाग होत्या, सगळेच स्टुडिओ तसं करायचे. दादाला फारसं वाईट वाटलं नाही. अल्बम झाला होता, फीत कशाला हवी? मी मात्र त्या दिवशी शिजवलेलं जेवले नाही आणि पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

पुढच्या जयंतीला वस्तीच्या मंडळाने लाउडस्पीकरवर 'खाजण' लावलं. पहिली बाजू दहा मिनिटं चालली, मग कुणीतरी विचारलं, मशीन बिघडलंय का, आणि थेट अण्णांच्या गाण्यावर नेलं. लोक अण्णांभोवती जमले. ज्यांनी त्यांना मैदानात ऐकलं होतं तेसुद्धा म्हणायला लागले, "काय भारदस्त आवाज हो." भारदस्त हा शब्द अण्णांच्या आवाजाला कुणी कधी लावला नव्हता. अण्णा खुर्चीवर बसून हात जोडत होते. त्यांना उत्तर देता येत नव्हतं, आणि मला देता येत असून मी दिलं नाही. अल्बमचं एवढंच कौतुक झालं. दादाने उरलेल्या कॅसेटी दुकानात ठेवल्या, त्या हळूहळू मागच्या फळीवर गेल्या. वर्षभराने त्याने गिटार विकली आणि फ्लॅट विकणाऱ्या एका बिल्डरच्या ऑफिसात लागला. आज तो भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतीत राहतो, सुखी आहे, आणि त्याच्यासमोर संगीताचा विषय काढलेला त्याला आवडत नाही.

अण्णांचे शेवटचे महिने घरातच गेले. दुपारी त्यांना टेप लागायचा. तिसरी बाजू, त्या आठ ओळी, मग बोटाने खूण करायचे, परत. बटण दाबून फीत मागे घ्यायचं काम माझं. एका दुपारी आई शेजारी गेली होती. ओळी संपल्या आणि त्यांनी परतची खूण केली नाही. मला जवळ बोलावलं. कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागायचा. म्हणाले, "सुजा, मी असाच गायचो का गं? मला आपलं वाटायचं, माझा वर जायचा."

मी त्यांना खरं सांगू शकले असते. सांगायला हवं होतं, अण्णा, तुमचा वर जायचा, पेटीत मावायचा नाही, मी खुंटी फिरवून खाली आणला. मला त्यांच्या पट्टीत गुणगुणून दाखवता आलं असतं, तेव्हा मला ती नेमकी ठाऊक होती. पण गेले कित्येक दिवस त्यांचं सगळं सुख त्या टेपमध्ये होतं, आणि मला भीती वाटली की तेही जाईल. आणि हेही लिहिते, मला माझी चूक सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, "असाच गायचात, अण्णा." घरात माझ्या कानावर कुणी शंका घेत नसे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग माझंच चुकत असेल." पंधरा दिवसांनी ते गेले. स्वतःचा आवाज कसा होता हे आपण विसरलो असं समजून गेले.

मी तेव्हापासून त्या आठ ओळी किती वेळा ऐकल्या असतील, त्याला मोजदाद नाही. पोस्टात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला आणि मध्येच कधीही, बेचैन वाटलं की मी ते लावत आले. गेल्या वर्षी दादाची मुलगी प्रज्ञा, ती साउंडचंच काम करते, आवाज खाली आणल्याची गोष्ट ऐकून म्हणाली, "आत्या, तू पट्टी सांग, मी कॉम्प्युटरवर आवाज परत वर नेते." पट्टी मला पाठ होती. पांढरी चारच्या वर, काळी तीनच्या खाली. आकड्यांत तिला सांगितली. इंद्रलोकातल्या घरी हॉलमध्ये आम्ही तिघं बसलो. प्रज्ञाने स्पीकर लावले.

आवाज सुरू झाला. पातळ, धारदार, भराभर वर जाणारा. दादा पहिल्या ओळीलाच रडायला लागला. संगीताचं नाव न काढणारा माणूस, सोफ्याच्या कडेला येऊन बसला आणि म्हणत होता, "हाच गं. हाच. मैदानात असाच यायचा." मी ऐकत होते. सूर बरोबर होता, ते मला कळत होतं. पण त्या आवाजात मला माझे अण्णा सापडेनात. कुणी परका माणूस त्यांचे शब्द गात होता. डोळे मिटून मी ओट्यावरचे अण्णा आठवायला गेले, मैदानातले आठवायला गेले, तर ते सगळे त्या जड, लांबलेल्या आवाजातच गायला लागले. दादाने माझा हात धरला. "हेच ना गं, सुजा?"

मी म्हटलं, "मला नाही सांगता येत, दादा."